आधी कळवा, चौकशी पोलिसांवर सोडा: पॅरिशमध्ये मुलं आणि परावलंबी प्रौढ सुरक्षित ठेवण्याचा क्रम

पॅरिशमध्ये, म्हणजे एका चर्चभोवतीच्या कॅथलिक समाजात, कॅटेकिझम (मुलांचं धर्मशिक्षण) शिकवणाऱ्यांना प्रशिक्षण देताना मी एक प्रश्न हमखास विचारते. "दहा वर्षांच्या मुलाने रविवारी मिस्सानंतर (चर्चमधल्या मुख्य उपासनेनंतर) तुम्हाला सांगितलं की अमुक अंकल मला नको तिथे हात लावतात. तुम्ही सर्वांत आधी काय कराल?" उत्तरं जवळपास ठरलेली असतात: फादरांना सांगू, आई-वडिलांशी बोलू, त्या अंकलना बाजूला घेऊन विचारू, आधी खात्री करू. "पोलिसांना कळवू" असं पहिल्या फेरीत क्वचितच कुणी म्हणतं.

ही माणसं बेफिकीर नसतात. मुलांवर त्यांचा जीव असतो. त्यांचा क्रम तेवढा उलटा असतो आणि या कामात क्रम चुकला की मुलाचं नुकसान होतं, पुरावा जातो आणि कायदाही मोडतो. म्हणून हा लेख टप्प्यांनी लिहिला आहे. पॅरिश नागपूर शहरातल्या सदरमधली मोठी असो की कामठी किंवा कळमेश्वरच्या बाजूचं चाळीस कुटुंबांचं केंद्र, टप्पे तेच राहतील.

टप्पा १: कंपाउंड पायी फिरा आणि यादी करा

धोरणाचा कागद लिहायला बसण्याआधी वही घेऊन आवारात फिरा. दोनदा फिरा: रविवारी मिस्सा सुटल्यावर एकदा आणि आठवड्यातल्या एखाद्या दिवशी संध्याकाळी सातनंतर एकदा. त्याच जागा संध्याकाळी अगदी वेगळ्या दिसतात.

प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न विचारा: इथे एक मोठा माणूस आणि एक मूल, कुणाला न दिसता, पाच मिनिटं एकटे राहू शकतात का? सॅक्रिस्टी (वेदीमागची तयारीची खोली), कॉयरचा (गायकवृंदाचा) माळा, हॉलमागची सामानाची खोली, स्वच्छतागृहं, पॅरिश ऑफिस, बोर्डिंगचं आवार, चर्चची गाडी. किल्ल्या कुणाकडे आहेत तेही लिहा. एका ठिकाणी सामानाच्या खोलीच्या सहा किल्ल्या निघाल्या होत्या, आणि त्यांतल्या दोन कुणाकडे आहेत ते कुणालाच सांगता येईना.

मग माणसांची यादी करा. मुलं म्हणजे अठरा वर्षांखालचे सगळे, मुलगे आणि मुली दोन्ही. सतरा वर्षांच्या मुलाची "संमती" कायदा धरत नाही. प्रौढांची यादी करताना मात्र हात आखडतो, कारण "आपल्याकडे तसं कोण आहे?" असं वाटतं. चर्चच्या नियमातली कसोटी इथे उपयोगी पडते: आजारपण, शारीरिक किंवा मानसिक अक्षमता, किंवा स्वातंत्र्य हिरावलं गेल्यामुळे ज्याची समजण्याची, नकार देण्याची वा प्रतिकार करण्याची क्षमता, अधूनमधून का होईना, कमी झालेली असते, ती व्यक्ती. "अधूनमधून" हा शब्द महत्त्वाचा आहे. अंथरुणाला खिळलेल्या आजी, मतिमंद तरुण, स्ट्रोकनंतर बोलता न येणारे काका हे त्यात येतातच. नवरा गेल्यावर महिनाभर औषधांच्या गुंगीत असलेली बाईही येऊ शकते.

*तपासा:* घरी ख्रिस्तप्रसाद नेला जातो अशी घरं, सेंट विन्सेंट डी पॉल या गरिबांना मदत करणाऱ्या संस्थेकडून मदत घेणारी कुटुंबं आणि आवारातच राहणारे कामगार व त्यांची मुलं यादीत आली का? बहुतेक वेळा याच तिघांचा विसर पडतो.

टप्पा २: दोन माणसं नेमा, आणि ती पॅरिश प्रीस्ट नसावीत

एक बाई, एक पुरुष. दोघंही प्रापंचिक (फादर किंवा सिस्टर नसलेले), एकमेकांच्या नात्यातले नसलेले, आणि फादरांच्या हाताखाली पगारावर नसलेले. ज्याच्याविरुद्ध तक्रार येऊ शकते, किंवा जो त्याचा रोजचा सहकारी आहे, त्याच्याच टेबलावरून तक्रार पुढे जायला नको. इतकंच यामागचं कारण आहे. फादरांवरचा तो अविश्वास नव्हे, आणि चांगल्या फादरांना हे पटकन पटतं.

या दोघांचे नंबर चर्चच्या दारात, हॉलमध्ये आणि स्वच्छतागृहाच्या भिंतीवर मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर लावा. शेजारी १०९८ (मुलांसाठी), ११२ (पोलीस), १८१ (महिलांसाठी), १४५६७ (ज्येष्ठांसाठी) आणि जवळच्या पोलीस ठाण्याचा नंबर लिहा. आपल्या पॅरिशमध्ये मराठीबरोबर हिंदी, तमिळ, मल्याळम बोलणारी घरं असतात, छत्तीसगड-झारखंडकडून आलेली असतात. मजकूर निदान मराठी, हिंदी आणि इंग्रजीत हवा.

*इशारा:* या दोघांचं काम ऐकणं, लिहिणं आणि कळवणं एवढंच आहे. तपास त्यांचा नाही. नेमणुकीच्या पत्रातच हे वाक्य घाला.

टप्पा ३: माणूस कामावर घेण्याआधीची पडताळणी

पॉक्सो म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणारा कायदा. त्याच्या २०२०च्या नियमांनुसार, मुलांशी नियमित संपर्क येणाऱ्या संस्थांनी आपल्या कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी आणि पार्श्वभूमीची तपासणी ठरावीक काळाने करायची असते. पगारी आणि कंत्राटी दोघेही त्यात येतात. पॅरिशने स्वयंसेवकांनाही हाच नियम लावावा असं माझं ठाम मत आहे. मुलाच्या दृष्टीने गिटार शिकवणारा दादा पगार घेतो की फुकट शिकवतो, याने काही फरक पडत नाही.

क्रम असा: लेखी अर्ज, आधीच्या पॅरिश किंवा कामाच्या ठिकाणच्या दोन माणसांशी प्रत्यक्ष फोनवर बोलणं, पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी, आचारसंहितेवर सही आणि मग पहिले सहा महिने दुसऱ्या कुणासोबतच काम. फोनवर शेवटी एकच प्रश्न विचारा: "या व्यक्तीला तुम्ही पुन्हा मुलांसोबत काम द्याल का?" उत्तराआधीची शांतता कानांनी टिपा.

चुका कुठे होतात? सुट्टीत आलेले सेमिनेरियन (धर्मगुरू व्हायला शिकणारे), रिट्रीटचे (प्रार्थना शिबिराचे) पाहुणे प्रवचनकार, साउंडवाला, बसचा ड्रायव्हर, वॉचमन यांना कुणी विचारतच नाही. दुसरी चूक म्हणजे "ते तर पंचवीस वर्षांपासून आपल्यातलेच". पडताळणी जुन्यांपासून, आणि पॅरिश कौन्सिलच्या अध्यक्षांपासून, सुरू करा. मग नव्यांना अपमान वाटत नाही. आणि एक लक्षात ठेवा: स्वच्छ प्रमाणपत्र म्हणजे आजवर नोंद झालेली नाही, इतकंच. त्याच्या जिवावर पुढचा टप्पा सोडू नका.

टप्पा ४: रोजचे नियम

मूळ नियम एकच: मुलांसोबत कायम दोन मोठी माणसं, आणि दिसेल अशा जागी. बाकीचे नियम त्यातूनच निघतात.

कॅटेकिझमच्या वर्गांची दारं उघडी ठेवा. नागपूरच्या मे महिन्यात कूलर लावून दार लोटून घेण्याचा मोह होतो, मी समजू शकते. दाराला काचेची फट करून घ्या, किंवा उन्हाळी शिबिर सकाळी साडेसहा ते नऊ ठेवा. वेदीसेवकांना (मिस्सात फादरांना मदत करणाऱ्या मुलांना) सॅक्रिस्टीत एकटं बोलावू नये. मुलांचं पापनिवेदन (फादरांजवळ आपली पापं कबूल करणं) चर्चमध्ये, इतरांना दिसेल पण ऐकू येणार नाही अशा जागी व्हावं. फादरांच्या खोलीत कधीच नको.

मुलांना वैयक्तिक मेसेज करू नका. ग्रुप असेल तर त्यात पालक हवेत. कॅरोलच्या रात्री कुठलं मूल कुणाच्या स्कूटरवरून घरी जाणार ते निघण्याआधी लिहून ठरवा. वेलांकन्नीच्या यात्रेला स्लीपरमध्ये झोपायची व्यवस्था कुटुंबाप्रमाणे करा. एकटं आलेलं मूल कुठल्या कुटुंबाजवळ झोपेल ते पालकांच्या सहीसह आधीच ठरलेलं असू द्या.

आजारी माणसाला घरी भेटायला जाताना शक्यतो दोघांनी जा, घरातल्या कुणाला तरी आधी कळवा आणि रजिस्टरमध्ये वेळ लिहा. परावलंबी माणसाचे पैसे, एटीएम कार्ड, मृत्युपत्र, घराची कागदपत्रं यांना हात लावू नका, त्यांनी विनवलं तरी. शोषण शरीराचंच असतं असं नाही.

*तपासा:* नियम मोडलेला दिसला तर तो कुणी बोलून दाखवतं का? महिनाभरात एकही नोंद झाली नसेल, तर नियम पाळले जात नसतील किंवा बोलायची भीती असेल. दोन्ही शक्यता पडताळा.

टप्पा ५: मूल बोलायला लागलं की

इथे सावकाश वाचा, कारण सर्वांत जास्त चुका इथेच होतात, आणि त्या मायेपोटी होतात.

मूल बहुतेकदा सरळ सांगत नाही. "मला आता कॉयरमध्ये यायचं नाही." "ते अंकल आहेत तर मी नाही येणार." पोटदुखी सुरू होते, एकदम चिडचिड वाढते. असं काही कानावर आलं की हातातलं काम सोडा, मुलाच्या उंचीला बसा, दिसेल अशा जागी पण गर्दीपासून दूर. मग ऐका.

बोलायची वाक्यं थोडीच आहेत. ती पाठ करून ठेवा:

"तू सांगितलंस ते बरं केलंस."
"यात तुझी चूक नाही."
"मी तुझं ऐकतेय. अजून काही सांगायचंय?"
"हे मी गुपित ठेवू शकत नाही. तुला सुरक्षित ठेवायला मला काही जणांना सांगावं लागेल. कुणाला सांगणार ते मी तुला आधी सांगेन."

शेवटचं वाक्य जड जातं. मूल म्हणतं, "कुणाला सांगू नका ना, टीचर." तेव्हा "नाही सांगत, बेटा" असं तोंडातून निघून जातं. ते वचन देऊ नका. दोन तासांनी तुम्ही ते मोडणार असता, आणि एका मोठ्या माणसाने विश्वास मोडलेल्या मुलाचा विश्वास दुसराही माणूस मोडतो.

विचारू नका: कुठे हात लावला, किती वेळा, आधी का नाही सांगितलंस, तू तिकडे गेलीसच का, नक्की ना. तुम्हाला तीनच गोष्टी कळायला हव्यात: मूल आत्ता सुरक्षित आहे का, ती व्यक्ती कोण, आणि ती आज परत मुलाच्या जवळ येऊ शकते का. बाकी सगळं विचारायचं काम प्रशिक्षित अधिकाऱ्याचं आहे. मुलाला चार जणांसमोर चारदा सांगायला लावलं, तर प्रत्येक वेळी शब्द थोडे बदलतात, आणि कोर्टात तोच फरक दाखवून "मुलाला शिकवलंय" असं म्हटलं जातं.

मूल गेल्यावर लगेच, अर्ध्या तासाच्या आत, लिहा. तारीख, वेळ, जागा, कोण हजर होतं. मुलाचे शब्द जसेच्या तसे, त्याच भाषेत. मूल छत्तीसगढीत बोललं असेल तर छत्तीसगढीतच लिहा. शुद्ध मराठीत नेलंत की शब्द तुमचे होतात. तुमचं मत लिहू नका. सही करा.

*इशारा:* मोबाइलवर मुलाचं बोलणं रेकॉर्ड करू नका. मुलाचे आक्षेपार्ह फोटो किंवा व्हिडिओ समोर आले तर ते "पुरावा" म्हणून स्वतःकडे घेऊ नका, ग्रुपवर तर मुळीच टाकू नका. ते साठवणं आणि पुढे पाठवणं हाही गुन्हा ठरू शकतो. फोन कुणाकडे आहे, नंबर काय, किती वाजता दिसलं हे लिहा आणि पोलिसांना सांगा.

टप्पा ६: त्याच दिवशी कळवा

पॉक्सो कायदा, २०१२, कलम १९: अठरा वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं ज्याला कळलं, किंवा होण्याची शक्यता वाटते, त्याने विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना कळवायचं आहे. "ज्याला" म्हणजे कुणालाही: टीचर, सिस्टर, फादर, वॉचमन. खात्री असण्याची अट नाही. कलम २१ प्रमाणे न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड, किंवा दोन्ही. संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाचा गुन्हा कळवला नाही तर एक वर्षापर्यंत कैद आणि दंड. आणि चांगल्या हेतूने कळवणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही, हेही त्याच कलम १९ मध्ये लिहिलंय. लोक कलम २१ ऐकून घाबरतात आणि हा दिलासा ऐकतच नाहीत.

क्रम:

१. मूल आत्ता धोक्यात असेल तर ११२. नाहीतर १०९८ किंवा थेट पोलीस ठाणं. हद्दीवरून परत पाठवू लागले तर "झिरो एफआयआर" नोंदवा असं सांगा. गुन्हा कुठेही घडलेला असो, माहिती नोंदवून घ्यावीच लागते.

२. तुमच्या माहितीला नोंद क्रमांक द्यायचा, ती लिहून घ्यायची आणि तुम्हाला वाचून दाखवायची, असं कायदा सांगतो. क्रमांक घेतल्याशिवाय ठाण्यातून निघू नका. ठाण्यात ऐकलं नाही तर लेखी तक्रार शहरात पोलीस आयुक्तांकडे, ग्रामीण भागात पोलीस अधीक्षकांकडे द्या.

३. आई-वडिलांना सांगा. मात्र संशय घरातल्याच माणसावर असेल तर आधी पोलीस आणि बालकल्याण समिती. घरी फोन नंतर.

४. घटना नुकतीच घडली असेल तर मुलाला आंघोळ घालू नका, कपडे धुवू नका. काढलेले कपडे वाळवून कागदी पिशवीत ठेवा. प्लॅस्टिकमध्ये ओल धरून पुरावा खराब होतो. नागपुरात मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांत न्या. संसर्ग आणि गर्भधारणा टाळायची औषधं जितक्या लवकर तितकी चांगली, ७२ तासांच्या आत तर हवीतच. तातडीच्या उपचारासाठी रुग्णालय पोलिसांचं पत्र मागू शकत नाही. मुलीची तपासणी महिला डॉक्टरच करते, आणि मुलाच्या विश्वासाचं माणूस तिथे थांबू शकतं.

पुढे पोलिसांनी २४ तासांत बालकल्याण समितीला आणि विशेष न्यायालयाला कळवायचं असतं. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला बरं वाटेल अशा जागी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता घ्यायचा असतो. मुलाला रात्री ठाण्यात ठेवता येत नाही. हे कुटुंबाला तुम्ही आधी सांगितलंत तर त्यांची निम्मी भीती जाते. बालकल्याण समितीकडे मुलासाठी सहायक व्यक्ती (तपास आणि खटल्यात मुलाला साथ देणारं माणूस) मागा. नागपूर पोलिसांच्या भरोसा सेलमध्ये समुपदेशन मिळतं.

*इशारा:* ज्याच्यावर आरोप आहे त्याला फोन करू नका, "सावध" करू नका, समोरासमोर बसवू नका. त्या एका फोननंतर मोबाइल पुसला जातो आणि मुलाच्या घरी नातेवाईक पोहोचतात.

टप्पा ७: मग चर्चला कळवा

"मग" हा शब्द वेळेचा आहे. दोन्हींकडे कळवायचंच आहे. पोप फ्रान्सिस यांनी २०१९ मध्ये काढलेले आणि २०२३ मध्ये कायम केलेले "व्होस एस्तिस लुक्स मुंदी" हे नियम धर्मगुरू आणि व्रतस्थांना अशी माहिती वरिष्ठांना कळवणं बंधनकारक करतात. तक्रार करणाऱ्यावर गप्प बसण्याची अट घालता येत नाही, त्याच्यावर सूड उगवता येत नाही आणि देशाचा कायदा पाळायला हे नियम आड येत नाहीत. म्हणजे "आतल्या आत मिटवू" असं सांगणाऱ्याला चर्चच्या नियमातही आधार नाही. आरोप खुद्द बिशपवर असेल तर तक्रार दिल्लीतल्या पोपच्या राजदूतामार्फत रोमला जाऊ शकते.

महाधर्मप्रांताच्या कार्यालयाला लेखी कळवा, पोहोच घ्या, पोलिसांचा नोंद क्रमांक त्यात लिहा. आरोप असलेल्या व्यक्तीला, फादर असोत की कॉयर मास्टर, मुलांच्या सगळ्या कामांतून लगेच बाजूला ठेवावं अशी मागणी करा. दुसऱ्या पॅरिशमध्ये बदली हा उपाय धरू नका. तिथेही मुलं आहेत.

पापनिवेदनाबद्दल हमखास विचारलं जातं. त्याची गुप्तता धर्मगुरूला मोडता येत नाही. म्हणून मुलांना आधीपासून शिकवा की मदत हवी असेल तर ती पापनिवेदनाबाहेर सांगायची. तुझ्यावर झालेला अन्याय हे तुझं पाप नाही. फादरही मुलाला बाहेर येऊन, त्या दोन नेमलेल्या माणसांशी बोलायचं धैर्य देऊ शकतात.

टप्पा ८: प्रौढ व्यक्ती असेल तर

इथे एक फरक आहे. समजून निर्णय घेऊ शकणाऱ्या प्रौढाला आधी विचारा: तुम्हाला काय हवंय? त्यांच्या डोक्यावरून पोलिसांत धावणं हाही त्यांचा हक्क हिरावणंच आहे. पर्याय सांगा, सोबत जायची तयारी दाखवा, निर्णय त्यांचा. जिवाला धोका असेल किंवा व्यक्तीला समजून निर्णय घेता येत नसेल, तर थांबू नका. अपंग व्यक्तीवरच्या अत्याचाराची माहिती २०१६च्या अपंग हक्क कायद्याप्रमाणे कार्यकारी दंडाधिकाऱ्यांनाही देता येते. पॅरिशच्या शाळेत, दवाखान्यात, ऑफिसात काम करणाऱ्या स्त्रीला लैंगिक छळाची तक्रार २०१३च्या कायद्याप्रमाणे करता येते. मुदत साधारण तीन महिने, आणि दहा किंवा जास्त कर्मचारी असतील तर अंतर्गत समिती असायलाच हवी.

सिस्टरांना, स्वयंपाकाच्या बाईंना, ऑफिसातल्या मुलीला हे कुणी सांगत नाही. तुम्ही सांगा.

टप्पा ९: पुढचे महिने

मुलाचं नाव, फोटो, शाळा, गल्ली, ओळख पटेल असं काहीही वार्ताहराला, प्रवचनात किंवा व्हॉट्सॲपवर देऊ नका. माध्यमांतून पीडित मुलाची ओळख उघड करणं पॉक्सोखाली गुन्हा आहे. ग्रुपवर चर्चा सुरू झाली तर ॲडमिनने ती त्याच क्षणी थांबवावी. पैसे घेऊन मिटवायचा प्रस्ताव कुणाकडूनही आला तर तो लिहून पोलिसांना द्या. आरोपीच्या कुटुंबालाही कुणीतरी भेटावं, पण मुलाच्या घरी जाणारं माणूस वेगळं असावं.

खटला लांबतो, आणि गर्दी दोन आठवड्यांत पांगते. कोर्टाच्या तारखेला सिव्हिल लाइन्सला सोबत कोण जाणार, आईची रोजी बुडली तर काय, मुलाची फी, समुपदेशकाकडे नेणं-आणणं, हे नावांसह लिहून ठेवा. मूल मिस्साला यायचं थांबलं तर आग्रह करू नका. आलं तर नेहमीच्या बाकावर, नेहमीसारखं बसू द्या.

आणि दरवर्षी शाळा सुरू होण्याआधी, जूनच्या पहिल्या आठवड्यात, वही घेऊन पुन्हा आवारात फिरा. किल्ल्या मोजा. भिंतीवरचे दोन्ही नंबर स्वतः लावून पाहा, कुणी उचलतं का.